‘संरचना’ आणि ‘संरूपण’: प्रथिनांसंबंधीच्या लेखनातील वापर

प्रश्न : विषाणू, विकरे (पेशीतील रासायनिक क्रियांना गती देणारी प्रथिने) आणि पेशीवरील ग्राही (बाहेरचे निरोप टिपणारी प्रथिने) यांच्याविषयीच्या मजकुरात ‘रचना’, ‘संरचना’ आणि ‘संरूपण’ हे शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. त्यांच्या अर्थांत खरोखर भेद आहे, की ही केवळ लेखकाची आवड समजावी?

प्रतिसाद : ‘रचना’ आणि ‘संरचना’ यांत मला शास्त्रीय भेद दिसत नाही, उपसर्गाने थोडा भारदस्तपणा येतो, इतकेच. ‘संरूपण’ मात्र वेगळे. अमिनो आम्लांचा क्रम आणि त्यांना जोडणारे बंध कायम राहून, बंधांभोवतीच्या वळणांमुळे रेणूला जे निरनिराळे आकार येऊ शकतात, त्यांपैकी प्रत्येक आकार हे एक संरूपण होय. करोना विषाणूच्या पृष्ठभागावरील काटा-प्रथिनाचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. पेशीत शिरण्यापूर्वी त्याचे एक संरूपण असते आणि विषाणूचे आवरण पेशीपटलाशी एकजीव झाल्यावर ते लांबट, ताठ अशा दुसऱ्याच संरूपणात जाते. पहिल्या संरूपणाची संरचना २०२० च्या आरंभी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉनांनी घेतलेल्या प्रतिमांवरून, उलगडली. लशीसाठी हेच संरूपण हवे असल्याने ९८६ आणि ९८७ या स्थानांवर प्रोलीन हे साखळीला ताठरपणा देणारे अमिनो आम्ल बसवून ते स्थिर करण्यात आले. या मजकुरात दोन्ही शब्द आले आहेत आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही.

उपप्रश्न : मग ‘ग्राहीची संरचना बदलते’ हे वाक्य चुकीचे ठरेल का?

प्रतिसाद : चुकीचे नाही, पण ढिले आहे. अ‍ॅड्रेनॅलिनला प्रतिसाद देणाऱ्या बीटा-२ ग्राहीची, पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनासहची संरचना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्राहीच्या सात सर्पिलांपैकी (मळसूत्री वळणाच्या भागांपैकी) सहाव्याचे आतले टोक निष्क्रिय अवस्थेच्या तुलनेत सुमारे १४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) बाहेर सरकलेले दिसले. बाहेरचा निरोप आत पोहोचतो तो या हालचालीमुळे. म्हणून येथे ‘ग्राहीचे संरूपण बदलते’ असेच लिहावे.

विकरांच्या बाबतीत जुन्या उपमेनेही घोळ केला आहे. कुलपात किल्ली बसावी तसा विकरात ठरावीक रेणूच बसतो, ही एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलेली कुलूप-किल्लीची कल्पना पाठ्यपुस्तकांत इतकी रुळली आहे की विकर म्हणजे अचल साचा, असा समज होतो. वस्तुतः हेक्झोकायनेज या विकरामध्ये ग्लुकोज बसताच त्याचे दोन खंड एकमेकांकडे झुकून मधली खाच मिटते. डॅनियल कोशलंड यांनी १९५८ मध्ये मांडलेली ‘प्रेरित जुळणी’ ती हीच.

वापराचा एक ढोबळ निकष क्रियापदांवरून मिळतो. संरचना ‘उलगडते’, ‘निश्चित होते’. संरूपण ‘धारण केले जाते’, ‘स्थिर होते’. स्फटिकातून क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळतात ते अणूंचे सरासरी स्थान-निर्देशक असल्याने त्यांना ‘संरचना’च म्हणावे; ती ज्या क्षणिक अवस्थेची असेल, तिचे नाव सांगताना ‘संरूपण’ वापरावे, उदाहरणार्थ ‘सक्रिय संरूपणाची संरचना’.