दर महिन्याच्या एसईओ पॅकेजवरचा माझा विश्वास उडालाय, तुमचं मत सांगा

कुळागरवाला (फोंडा)
फोंडा तालुक्यात आमचं कुळागर आहे, पोफळी, मिरवेली, जायफळ, आणि जुन्या घराच्या मागच्या तीन खोल्या आम्ही होमस्टे म्हणून चालवतो. साईट केली तेव्हा सगळे म्हणाले गुगलवर वर यायचं तर एसईओचं, म्हणजे शोधात साईट वर आणून देण्याच्या कामाचं, पॅकेज घ्या, घेतलं, अकरा महिने न चुकता पैसे भरले. आता माझं मत असं झालंय की आमच्यासारख्या छोट्या माणसाने या पॅकेजच्या वाटेला जाऊच नये, तेच पैसे आणि तोच वेळ आपल्या साईटवर घालावा.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा आणि त्यात हिरव्या रंगात "पहिला नंबर". पुतण्याने नीट बघितलं तेव्हा कळलं की तो पहिला नंबर आमच्याच होमस्टेच्या नावाला होता. अहो, आमचं नाव टाकणारा आम्हालाच शोधतोय, तिथे दुसरं कोण येणार! "फोंड्याजवळ होमस्टे" टाकलं तर पाचव्या पानापर्यंत आमचा पत्ता नाही.

पण राग आला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. डिसेंबरात नागपूरहून एक कुटुंब आलं, आजी, आईवडील आणि सहाएक वर्षांचा मुलगा, त्याच्या हातात प्लास्टिकची बादली आणि खोरं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, समुद्र कुठाय? मला काही कळेना. मग त्याच्या वडिलांनी मोबाईल पुढे केला, आमच्याच साईटवरचं पान, वर लिहिलेलं "बागा बीचजवळचा होमस्टे" आणि खाली आमच्या खोल्यांचे फोटो. असली बारा पानं मला न विचारता बनवली होती, कळंगुट, हणजूण, मोरजी, पाळोळे, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. आमच्याकडून बागा गाठायला सव्वा-दीड तास लागतो. आजी सोप्यावर बसल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही असं का हो लिहिलंत?" मी पैसे परत देतो म्हटलं, पण रात्र पडायला आली होती, ते राहिले. दुसऱ्या दिवशी मीच गाडी काढून सगळ्यांना पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर नेलं, त्या पोराने वाळूत बादली उपडी केली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण आजींच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण साईट माझ्या नावाची आहे.

पर्वरीचा_वेबवाला
बाब, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी हेच काम करतो आणि त्यावर माझं घर चालतं म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्यासाठी बनवली त्या पानांना आमच्यात डोअरवे पेज म्हणतात, गुगलच्या नियमात ती सरळ स्पॅममध्ये मोडतात, आणि मार्च २०२४ पासून तर घाऊक भावाने पाडलेल्या मजकुरावर नियम आणखी कडक झालेत. म्हणजे ज्याने ते केलं त्याने एसईओ केलाच नाही, तुमचं नुकसान केलं. एका डॉक्टरने चुकीचं औषध दिलं म्हणून आपण डॉक्टरकडे जायचं सोडतो का?

आणि मालकाला स्वतःला न सापडणाऱ्या गोष्टी असतात त्यांचं काय? माझ्याकडे किनाऱ्यावरचा एक गिऱ्हाईक आला, नवी साईट केलेली, फोटो सुंदर, मजकूर चांगला, आणि ऑक्टोबरपासून गुगलवर नावसुद्धा दिसेना. बिचारा रोज नवीन काहीतरी लिहीत बसायचा. साईट ज्यावर बनवली त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे, तिथे एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साईट घेऊ नये अशा अर्थाचा. साईट बनत असताना कोणीतरी त्यावर टिक केलेली आणि काढायला विसरलेलं. टिक काढायला दहा सेकंद लागली, पण ती सापडेपर्यंत नाताळ उलटून गेला होता. सीझन म्हणजे आमच्या गोंयात वर्षाची भाकरी, ती एका टिकमुळे गेली. वेळेवर कोणी जाणकार असता तर?

शिवाय अकरा महिन्यांत फरक दिसला नाही म्हणता, पण बदल केल्यापासून फायदा दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं गुगलचीच माणसं सांगत आलीत. घाईने मत बनवू नका.

कुळागरवाला (फोंडा)
डॉक्टरची उपमा मला पटत नाही, कारण डॉक्टरला डिग्री लागते, आणि पहिला नंबर नक्की देतो असं सांगणाऱ्याला काहीच लागत नाही. गुगलनेच स्वच्छ लिहिलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. तरी आम्हाला महिन्यातून दोन फोन येतात, गॅरंटी देतो म्हणून.

लिंकांचंही ऐका. साईटच्या मालकासाठी गुगलचं सर्च कन्सोल म्हणून साधन आहे, फुकट आहे, त्यात कुठल्या साईटवरून आपल्याला लिंक आहे ते दिसतं, आमच्या यादीत जुगाराच्या साईटी निघाल्या, कुठल्या देशातल्या तेही कळेना. आमच्या घरात देवाची खोली आहे, पाहुण्यांसमोर दारूची बाटली ठेवत नाही आम्ही, आणि नाव कुठे कुठे लागलंय तर जुगाराच्या पानावर!

पॅकेज बंद केल्यावर पुतण्याने आणि मी काय केलं ते सांगतो. फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच टाकलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. खाली ओहोळाकडे मोबाईलला एकच काडी रेंज येते, तिथे उभं राहून आमचीच साईट उघडून बघितली तर पांढरी पाटी, मी सुपाऱ्या मोजत राहिलो तरी फोटो येईना. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गुगल सांगतं. सगळे फोटो दोनशे केबीच्या आत आणले. प्रत्येक पानाचं टायटल नुसतं "होम" होतं, ते बदललं. आणि फोनवर लोक रोज जे विचारतात ते एका पानावर लिहून काढलं, मोपा विमानतळाहून कसं यायचं, दाबोळी विमानतळाहून कसं, पावसात जळू असतात का (असतात), शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात मिळेल का, समुद्र किती लांब. शेवटचं सगळ्यात वर लिहिलंय. यात पॅकेज कुठे लागलं?

म्हापशाचो_पोर
मी दोघांच्याही विरोधात. साईटच कशाला एवढी? आमचं म्हापशात काजू, कोकम, खोला मिरची, मसाल्यांचं छोटं दुकान, साईट नाही, पण गुगल मॅपवर दुकानाचं प्रोफाईल आहे. मॅपवर तीन गोष्टी चालतात, शोधतोय त्याच्याशी तुमचा धंदा किती जुळतो, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. जवळ असणं कोणाला विकत घेता येत नाही. शुक्रवारी बाजारात उभा असलेला माणूस मोबाईलवर काजू शोधतो तेव्हा त्याला मीच दिसणार, मुंबईची मोठी साईट नाही. वेळ बरोबर टाका, चतुर्थीला बंद असाल तर तसं लिहा, फोटो ताजे ठेवा. यापलीकडे काय पाहिजे? होमस्टेवाल्यांनी साईटवर जीव काढण्यापेक्षा पाहुण्यांना रिव्ह्यू लिहायला सांगावं, पाच स्टार देणाऱ्याला आम्ही पावशेर काजूवर सूट देतो, धडाधड येतात.

पर्वरीचा_वेबवाला
ती सूट आजच बंद करा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, पैसे, फुकट वस्तू काहीही देणं गुगलच्या नियमाविरुद्ध आहे, रिव्ह्यू काढून टाकतात, प्रोफाईललाही फटका बसतो. मागा जरूर, पण मोबदला नको आणि पाचच द्या असंही नको. बाकी मॅपचं तुमचं म्हणणं दुकानाला लागू, होमस्टेला अर्धंच लागू. पुण्यात घरी बसून मे महिन्याचं ठरवणारी बाई "जवळ" कशी असणार? ती वाचते, तुलना करते, तिला साईट लागते.

आणि कुळागरवाले बाब, लिंकेला सरसकट नावं ठेवू नका. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गुगल उभं केलं ते याच विचारावर, की एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे ती एक शिफारस. शिफारशी विकत घेणारे आले म्हणून २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणून अशा साईटी खाली पाडल्या. खरी लिंक आजही कामाची. तुमच्याकडे कॉलेजची मुलं झाडं बघायला येत असतील, त्यांच्या कॉलेजच्या साईटवर दोन ओळी आल्या तर त्या जुगाराच्या शंभर लिंकांपेक्षा भारी.

कवळ्याची
सगळे इंग्रजीतच का विचार करताय? माझ्या दोन खोल्या कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळापासून चालत जाण्यासारख्या. आमच्याकडे बीचवाले येतच नाहीत, येतात ते कुळावी आणि महाजन, म्हणजे देवीची पिढीजात माणसं, मुंबई, पुणे, सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडून, कोणी लग्नाची पत्रिका देवीला ठेवायला, कोणी पहिलं बाळ घेऊन. ती माणसं मोबाईलवर मराठीत शोधतात, "शांतादुर्गा दर्शन राहण्याची सोय" असं, काही जण मराठीच पण इंग्रजी अक्षरांत टाईप करतात. माझी मराठी माहिती होती, पण ती छापलेल्या पत्रकाचा फोटो म्हणून लावलेली. माणसाला वाचता येते पण पानाचा मजकूर म्हणून ती मोजलीच जात नाही. मुलीने बसून सगळं युनिकोडमध्ये टाईप केलं, दोन पानं, बस्स. तीन महिन्यांनी फोन यायला लागले आणि मी विचारते ना कुठून कळलं, तर म्हणतात गुगलवर मराठीत मिळालं. मराठीत गर्दीच नाही हो, रिकामी वाट आहे.

पर्वरीचा_वेबवाला
ताई, तुमच्या खोल्यांना हे शंभर टक्के लागू, पण कुळागर बघायला येणारे दिल्ली-बंगळूरचे लोक इंग्रजीतच शोधतात. मराठी पान करा पण इंग्रजीच्या जागी नको, दोन्ही वेगळी पानं ठेवा आणि कुठलं पान कुठल्या भाषेचं ते पानाच्या कोडमधल्या hreflang या खुणेने गुगलला सांगा. हे पुतण्याला जमेल का? आणि आता २०२४ पासून आपल्याकडे एआयचं उत्तर वरच येतं, माणूस तेच वाचून निघून जातो, खाली कोणी क्लिक करत नाही. "फुकटात घरच्या घरी" हे दिवस संपत आलेत असं मला मनापासून वाटतं.

कुळागरवाला (फोंडा)
मला उलटं वाटतं. पावसात जळू असतात का हे वर कोणी मशीनने सांगितलं तरी ते कुठूनतरी वाचूनच सांगणार ना, मग ते आमच्याकडून वाचू दे, निदान खरं तरी असेल. कवळ्याच्या ताईंचं मला फार पटलं. म्हार्दोळ, मंगेशी सगळं आमच्यापासून जवळ, आणि पाहुण्यांतली निम्मी माणसं देवदर्शन करूनच जातात, पण साईटवर त्याचं एक अक्षर नाही. ते आधी लिहितो, मराठीत.

वेबवाले बाब, महिन्याचं पॅकेज मी घेणार नाही, यावर मी ठाम आहे. पण त्या चौकोनातल्या टिकचं तुम्ही लिहिलंत तेव्हापासून पोटात गोळा आलाय. एकदाच सगळी साईट तपासून काय चुकलंय ते कागदावर लिहून देणार का, दुरुस्ती आम्ही करू, तपासणीचे पैसे रोख देतो. ती बारा पानं काल रात्री काढली, बागाचं सगळ्यात आधी. पुतण्या म्हणतो त्या पत्त्यावर येणाऱ्याला मुख्य पानावर वळवून घ्या, येणारा माणूस वाया जाणार नाही. मी नको म्हटलं. बागा शोधत आलेल्याला पुन्हा आमच्या दारात आणायचं नाही मला.

पर्वरीचा_वेबवाला
वळवू नका, बरोबर केलंत, ते पान नाही असंच दिसू दे. रविवारी येतो. पॅकेजवरून मात्र भांडेन, ते तिथे आल्यावर.