मुलांच्या वाचनालयाच्या पाटीसाठी गुबगुबीत अक्षरे वापरावीत का?

परळकर (प्रश्न)

नमस्कार. परळमधल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आम्ही काही पालक मिळून मुलांचे वाचनालय सुरू करत आहोत. दारावर आठ फूट लांबीची मराठी-इंग्रजी पाटी लावायची असून त्याच अक्षरांत सभासद-कार्डे आणि सोळा पानांची गोष्टींची पुस्तिकाही छापावी, असा विचार आहे. माझ्या मुलीला गूगल फॉन्ट्सवरचा 'मोदक' फार आवडला. आमच्यातल्या एका आजोबांचे मत मात्र असे की, ती अक्षरे नसून फुगे आहेत. हा फॉन्ट तिन्ही ठिकाणी चालेल का, आणि त्यासाठी पैसे भरावे लागतील का?

अक्षरजुळणी

पैशांचे आधी सांगतो. 'मोदक' हा मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा फॉन्ट असून तो मुक्त परवान्याखाली आहे. पाटी, कार्ड, पुस्तिका किंवा बोधचिन्ह यांपैकी कशासाठीही शुल्क नाही. नुसता फॉन्टच विकायला तेवढी मनाई आहे.

आजोबांचे निरीक्षण चुकीचे नाही, पण फुगवणे हाच त्या फॉन्टचा हेतू आहे. देवनागरी अक्षर किती जाड करता येईल, या प्रश्नातून तो घडला आहे. रोमन लिपीत 1922 सालच्या कूपर ब्लॅक या फॉन्टपासून जाड, गोलसर अक्षरांची परंपरा आहे. आपल्या लिपीत मात्र ते काम अवघड, कारण वर शिरोरेषा आणि मात्रा, खाली उकार, मध्ये गाठी आणि जोडाक्षरे, एवढे सगळे एकाच उंचीत बसवावे लागते. जाडी वाढली की आतल्या पोकळ्या बुजतात. 'मोदक'मध्ये त्या पोकळ्या बारीक चिरेएवढ्याच उरल्या आहेत, आणि त्या चिरांवरच अक्षर ओळखू येते. चिरा दिसण्याइतका आकार मोठा असेल तोवर हा फॉन्ट फार गोड दिसतो. पुस्तिकेच्या मजकुरात तो काळ्या ठिपक्यांची रांग होईल.

याच संस्थेचा 'बालू' तुम्हाला अधिक उपयोगी पडेल. तोही गोलसर आणि खेळकर आहे, पण 'बालू 2'मध्ये साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच जाड्या मिळतात. (त्याच्या इतर लिपींतल्या भावंडांची नावे मजेदार आहेत: गुजरातीत भाई, बंगालीत दा, पंजाबीत पाजी, तमिळमध्ये तंबी. बहुतेकांना त्या त्या भाषेतली भावाची हाक दिली आहे.) कोणताही फॉन्ट ठरवण्यापूर्वी 'कैऱ्या, श्रीखंड, भोंगा, ॲनाकोंडा' एवढे शब्द त्यात टंकून पाहावेत. 'ऱ्या'चा अर्धा र, 'श्र'ची गाठ, 'भों'वरची मात्रा-अनुस्वाराची गर्दी आणि 'ॲ' हे अक्षर, अशी चारही परीक्षा त्यात होते. ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची येतात की हिंदी, हेही तपासावे.

लालबागचा बोर्डवाला

वरचे म्हणणे पटते. मी फक्त पाटीपुरते लिहितो. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही, पण फाइल विनाइल कापण्याच्या यंत्रावर तशीच गेली, तर प्रत्येक जोडावर उभी चीर पडते. म्हणून टंकलेल्या मजकुराचे बाह्यरेषांच्या आकारांत रूपांतर करून आणि एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकजीव केल्यावरच फाइल द्या, आणि अक्षरांमधले अंतर हौसेने वाढवू नका. शिरोरेषा तुटली की तो शब्द राहत नाही, सुटी अक्षरे होतात.

ॲक्रिलिकमध्ये जाड, गोल अक्षरे फार सोयीची, कारण अख्खा शब्द शिरोरेषेमुळे एका तुकड्यात निघतो आणि आत एलईडी बसायला जागा मिळते. अनुस्वार तेवढा सुटा राहतो, तो चिकटवताना विसरू नका. 'मोदक' मात्र आतून उजळू नका. रात्री उजेड पसरतो आणि त्या बारीक चिरा दिसेनाशा होतात. राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यात मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असे आहे. तुमचे वाचनालय त्यात बसो वा न बसो, पाटीची उंची ठरवताना वेलांट्या-उकारांची जागा धरा, नाहीतर मराठी ओळ आपोआप लहान होते.

बालवर्गशिक्षिका

माझा आक्षेप वेगळा आहे. वाचायला नुकतीच शिकणारी मुले घ आणि ध, म आणि भ ही अक्षरे शिरोरेषेतल्या छोट्याशा खंडावरून आणि डावीकडच्या गाठीवरून ओळखतात. अतिजाड अक्षरात तो खंड जवळजवळ मिटतो. मोठी माणसे अंदाजाने वाचतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तशाच जाड अक्षरांतल्या तक्त्यावरचे 'धन' हे 'घन' असे वाचले, आणि चूक त्याची नव्हती. पाटीवर काहीही चालेल, कारण वाचनालयाचे नाव मुलांना चित्रासारखे लक्षात राहते. पुस्तिकेचा मजकूर मात्र बारीक जाडीतच, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापावा.

परळकर

सर्वांचे आभार. पाटीवरचे नाव 'मोदक'मध्ये, पण आतून न उजळता, वरून दिव्याचा उजेड पाडून. कार्डांची शीर्षके 'बालू'च्या जाड अक्षरांत आणि पुस्तिका त्याच्या साध्या जाडीत, असे ठरत आहे. वरचे चार शब्द टंकून कागद दारावर चिकटवला आणि रस्त्याच्या पलीकडून आजोबांना वाचायला लावले. त्यांनी सगळे बरोबर वाचले, फक्त 'ॲनाकोंडा' इथे कशाला, असे विचारले.