रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत चूर्ण चालेल का?

प्रश्न : सातारकर

माझ्या आईचे वय ६४ असून गेली सहा वर्षे तिला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ अशा दोन गोळ्या चालू आहेत. दिवाळीनंतर तिच्या भजनी मंडळातील एका काकूंनी 'बी.पी.चे चूर्ण' आणून दिले. गोळ्यांची शरीराला सवय लागते, चूर्णाने मात्र आजार मुळापासून जातो, असे त्यांनी सांगितल्यावर आईने आम्हाला न विचारता गोळ्या बंद केल्या. बारा दिवसांनी घरच्या यंत्रावर १७२/९८ दिसले, तेव्हा हे उघडकीस आले. गोळ्या पुन्हा सुरू करून महिना झाला, तरी वरचा आकडा १५०च्या खाली येत नाही. पूर्वी तो १३० असायचा. चूर्णाच्या डबीवर अर्जुन, सर्पगंधा, जटामांसी आणि लसूण एवढीच नावे आहेत, प्रमाण कशाचेच नाही. 'झाडपाल्याने कोणाचे काय बिघडले आहे?' असे म्हणून ती चूर्ण सोडायला तयार नाही. दोन्ही एकत्र चालतील का?

उत्तर : औषध दुकानदार, सांगली

डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालणार नाहीत, आणि त्याचे मुख्य कारण त्या डबीतील सर्पगंधा हे आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, यात वादच नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये आपल्या रुग्णांवरचे अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचे या मुळीकडे लक्ष गेले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले आणि त्याच्या गोळ्या कित्येक वर्षे सर्रास दिल्या गेल्या. मात्र नाक चोंदणे, नाडी मंदावणे, सुस्ती आणि काहींच्या बाबतीत मन खिन्न होणे, हे त्रासही त्यांच्याबरोबर आले, म्हणून नवी औषधे निघाल्यावर त्या मागे पडल्या. ज्या मुळीतून एवढे जोरकस औषध निघते, तिचे प्रमाण न लिहिलेला चमचा दोन गोळ्यांवर रोज घ्यायचा, म्हणजे मात्रा किती झाली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

सवयीचे म्हणाल तर चष्म्याचीही सवय लागतेच. तो काढला की दिसत नाही, एवढेच. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर लसणाच्या चूर्णाबद्दलही डॉक्टरांना सांगावे. भाजीतल्या फोडणीच्या लसणाची चिंता नको.

उत्तर : वैद्य, पुणे

मी आयुर्वेदाची चिकित्सा करतो आणि वरील मताशी बहुतांशी सहमत आहे. सर्पगंधा आम्हीही नाडी व रक्तदाब पाहत, मोजून देतो. मंडळात वाटत नाही. पण गोळ्या नियमित घेऊनही महिनाभर आकडा १५०वर अडून राहतो, हे मला चूर्णापेक्षा वेगळ्या कशाचे तरी लक्षण वाटते. आपल्या मातोश्री भजन म्हणतात, असे आपण लिहिले आहे. गळ्यासाठी त्या ज्येष्ठमध चघळतात का? ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब वाढतो. खोकल्यापुरती चार दिवस कांडी चघळणे वेगळे आणि महिनोन्‌महिने रोज चघळणे वेगळे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका

मोजण्याची पद्धतही तपासावी. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि त्या वेळी बोलू नये. आमच्याकडे हे गप्पा मारतच पट्टा बांधून घ्यायचे.

शिवाय रक्तदाब बरा करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास १९५४च्या कायद्याने बंदी आहे. डबीवर किंवा पत्रकात तसे छापले असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

सातारकर

सर्वांचा आभारी आहे. वैद्यबुवांचा अंदाज खरा निघाला. आईच्या पूजेच्या पिशवीत, टाळांच्या खाली, ज्येष्ठमधाच्या कांड्यांची पुडी सापडली. कार्तिकातील काकड्यापासून ती रोज पहाटे आणि रात्री एकेक कांडी चघळते आहे. तिच्या मते ते औषध नव्हेच, म्हणून कोणी विचारले तेव्हा तिने ते सांगितलेही नाही. काल डबी आणि पुडी दोन्ही घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही थांबवून पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासायला सांगितले आहे. ज्येष्ठमधाचा परिणाम ओसरायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, तोपर्यंत गोळ्या तशाच ठेवून आकडे वहीत लिहायचे आहेत. गळ्यासाठी काय घ्यायचे, यावरून मात्र घरात अजून अबोला आहे.

उत्तर : वैद्य, पुणे

कोमट पाण्याच्या गुळण्या करू द्याव्यात, मीठ घालून केल्या तरी पाणी गिळू नये. आणि मीठ कमी करायचे म्हणून बाजारातले कमी सोडियमचे मीठ परस्पर आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांच्या रक्तात ते आधीच वाढू शकते. तपासणीचा अहवाल आल्यावर डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.