वळीव आणि आपल्या आसपासचे जीव: तुमचे अनुभव लिहा

चार वाजेपर्यंत अंगाची लाही लाही, मग हडपसरच्या बाजूने आभाळ काळंनिळं होतं, धुळीचा लोट आणि पाठोपाठ वळीव. झाडं पडल्याच्या बातम्या येतात, पण त्यांवर राहणाऱ्यांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. तुम्ही पाहिलं असेल तर लिहा. पुण्याबाहेरचं गावही चालेल.

सहकारनगर
मेमधल्या वादळात दारातला गुलमोहर अर्धा मोडला आणि कावळ्याचं घरटं खाली आलं. उचललं तर हाताला टोचलं, काड्यांपेक्षा बांधकामाची तारच जास्त! पिल्लं धडधाकट होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हात लावू नकोस गं, माणसाचा वास लागला की आई घेत नाही." तसं नसतं. घरटं वेताच्या टोपलीत ठेवून टोपली उरलेल्या फांदीला बांधली. कावळ्यांनी डोक्यावर टोचा मारल्या, पण थोड्याच वेळात भरवायला आले. पुढे एका पिल्लाच्या अंगावर ठिपके दिसू लागले. कोकिळेचं होतं ते! कावळी त्यालाही भरवत राहिली.

पाषाण
आमच्या बाल्कनीत नवरंग आला होता, काचेवर आपटून. पाठ हिरवी, डोळ्यावर काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतात हे. अशा वेळी चोचीत पाणी घालू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. आमचा संध्याकाळी उडाला.

कुंभारगाव (सध्या पुणे)
मामाचं घर उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की समोर बेट उघडं पडतं. नदी सुरय हे पाणपक्षी तिथे अंडी घालतात. घरटं कसलं, जमिनीत नुसता खळगा. एकदा गारा सुरू झाल्या. आम्ही पडवीत, होडी खुंट्यावर आदळतेय, आणि दुर्बिणीतून मादी दिसत होती. पाठीवर गार बसली की मान आखडायची, पण अंड्यांवरून उठली नाही. उघडल्यावर पाहुण्यांना बेटावर उतरायचं होतं. मामाने साफ नाही म्हटलं. अंडी मातीच्याच रंगाची, सहज पायाखाली येतात. मला त्याचं फार पटलं.

कोथरूड
ढग गडगडले की वेताळ टेकडीवरचे मोर ओरडतात, घरात ऐकू येतं. गच्ची सोडवत नाही.

धागाकर्ती
टोपलीची युक्ती लक्षात ठेवते! सोसायट्यांत पावसाळ्याआधीची छाटणी नेमकी याच दिवसांत, कावळ्यांच्या ऐन विणीत होते. झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, पण फांदीवर करवत लावण्याआधीही वर बघा ना. जखमी पक्षी-प्राणी दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६. खडकवासला-पानशेतकडचं कुणी आहे का इथे?