मदत हवी आहे: घरी राहून कार-टी, थर्मामीटर कोणता घ्यावा?

अर्धविराम
नमस्कार. घाईत लिहितेय. बाबांची कार-टी आहे, म्हणजे त्यांच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, कर्करोगावर हल्ला करतील अशा बदलून परत अंगात सोडायच्या. त्या पेशी गुरुवारी सोडणार. भरती करून घेणार नाहीत, ओपीडीतच. ताप मोजून वहीत लिहा, वाढला की फोन करा असं सांगितलंय. पाच प्रकारचे थर्मामीटर बघून झाले, डोकं चालेना. कपाळावर रोखायचं ते की तोंडात धरायचं ते? आणि चोवीस तास सोबत हवी म्हणतात, तर रात्री भाऊ आणि दिवसा मी असं चालतं का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज. गूगल मलाही येतं.

जुना_खांब
तोंडात धरायचं साधं डिजिटल. ती बंदूक नको, पंख्याखाली कपाळ गार असलं की आकडा कमी दाखवते. बाकी तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. आजार कोणता? औषध कोणतं? आधीची तीन दिवसांची केमो सुरू झाली का? घर हॉस्पिटलपासून किती लांब?

अर्धविराम
लिम्फोमा, रक्ताच्या कर्करोगांपैकी एक. केमो उद्यापासून. थर्मामीटरबद्दल आभार. सोबतीचं कुणी सांगेल का?

तुरटी
पाऱ्याचाच खरा. डिजिटलची बॅटरी उतरली की काहीही दाखवतो. आणि १०१ च्या आत ताप म्हणजे ताप नव्हे, उगाच पळापळ करू नका. प्रतिकारशक्तीसाठी एक चूर्ण आहे, नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

जुना_खांब
तुरटीताई, इथे १०१ ची वाट बघायची नसते. ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झालं की फोन, रात्रीचे तीन वाजले असले तरी. सोडलेल्या टी पेशी कर्कपेशींवर तुटून पडतात तेव्हा सायटोकाइन नावाची रसायनं अंगभर उसळतात. ताप ही त्याची पहिली खूण. मागून रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन उतरतो. त्यावर टोसिलिझुमॅब नावाचं औषध आहे, पण ते द्यायला माणूस हॉस्पिटलात पोचायला हवा ना! शिवाय केमोने पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, त्यामुळे तोच ताप जंतुसंसर्गाचाही असू शकतो. घरी बसून कुणालाच ओळखता येत नाही.

मी स्वतः कार-टी घेतलीय, मायलोमासाठी, तोही रक्ताचाच कर्करोग. सहा दिवस ठणठणीत, सातव्या दिवशी ताप. काही औषधांत तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येतो, म्हणून औषधाचं नाव विचारलं. चूर्णाचं म्हणाल तर घोडं आधीच उधळलेलं असतं, त्याला चाबूक कशाला? आणि फुटलेला पारा कोण गोळा करणार?

तुरटी
चाळीस वर्षांत एकही फुटला नाही. असो.

मी_रेवा
सोबतीचं मी सांगते. पाळ्या चालतात, आम्हीही केल्या, मी आणि नणंद. अडचण पाळीत नाही, पाळी बदलताना होते. संध्याकाळपासून नवरा जरा गप्प होता हे मला माहीत, ते मी तिला सांगितलं नाही, आणि ती समजली दमून झोपलाय. म्हणून वही एकच ठेवा, आणि नुसता ताप नको, 'आज टीव्हीचा रिमोट मागताना शब्द आठवेना' असलंही लिहा.

ताप नसतानाही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. आम्हाला नर्सने दहा गुणांची परीक्षा शिकवली होती. वर्ष, महिना, गाव, हॉस्पिटल यांचे चार. तीन वस्तू दाखवून नावं विचारायची, त्यांचे तीन. सांगितलेली एक कृती करणं, एक वाक्य लिहिणं, शंभरापासून दहा-दहाने उलट मोजणं, प्रत्येकी एक. वाक्य रोज तेच घ्यायचं. सहाव्या दिवशी त्याने बाकी सगळं बरोबर सांगितलं, पण वाक्य लिहिलं ते शिरोरेषेशिवाय. सुटी सुटी अक्षरं, आणि ओळ उतरणीला लागलेली. विचारलं तर म्हणे, दिलीय की रेघ! त्याला ती दिसत होती. फोन केला, त्याच रात्री भरती, स्टिरॉइड सुरू. चार दिवसांनी रेघ परत आली, जरा वाकडी. ती वही अजून टाकवत नाही.

निव्वळ_वाचक
अवांतर: आत्याला आतड्याचा कर्करोग आहे. तिला ही कार-टी मिळेल का? कुठे चौकशी करायची?

जुना_खांब
मान्यता मिळालेल्या कार-टी रक्ताच्या कर्करोगांसाठी आहेत: काही ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा. आतड्यासारख्या गाठींच्या कर्करोगांत चाचण्या चालू आहेत. वेगळा धागा काढा, इथे खिचडी होईल.

अर्धविराम
रेवाताई, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही, उद्या विचारते. बाबांचा एकच प्रश्न, गाडी कधी चालवता येईल. 'कार घेतल्यावर कार चालवायची नाही' हा विनोद कालपासून नऊ वेळा झालाय. आणि एक बारीक शंका: गुडघ्यांसाठी ते सकाळ-संध्याकाळ पॅरासिटामॉल घेतात, कित्येक वर्षं. ताप गोळीच्या आधी मोजू की नंतर?

मी_रेवा
थांबा!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पॅरासिटामॉल ताप दाबतं. थर्मामीटर सोन्याचा घेतलात तरी ९८ दाखवेल. आत्ता टीमला फोन करा.

तुरटी
मग दुसरी दुखीची गोळी द्या, आयब्युप्रोफेन वगैरे.

जुना_खांब
अजिबात नको! प्लेटलेट घसरलेल्या असतात, रक्तस्रावाचा धोका. मूत्रपिंडावर ताण तो वेगळाच. गोळी बंद करायची की कशी घ्यायची हे त्यांची टीम ठरवेल, आपण इथे नाही.

गाडीचं: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, आधी आठ आठवडे मनाई ठेवली होती, जून २०२५ मध्ये ती दोनवर आणली. हॉस्पिटलजवळ राहायची मुदतही चार आठवड्यांवरून दोन केली. तुमची टीम जे सांगेल ते खरं. आणि अंतराचं उत्तर अजून आलेलं नाही.

अर्धविराम
अंतर साडेतीन तास. पण भावाकडे गाडी आहे.

मी_रेवा
साडेतीन तास!! टीमला माहितेय का हे?

अर्धविराम
फॉर्मवर भावाचा पत्ता आहे, तो वीस मिनिटांवर राहतो. पण त्याच्याकडे जिने आहेत, म्हणून बाबा आमच्याच घरी राहणार होते. बरं, ओरडू नका. फोन लावते.

तुरटी
जिने एकदाच चढायचे. खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, आम्ही सासऱ्यांना नेलं होतं तसं. हे तरी ऐका माझं.

अर्धविराम
केला फोन. नर्सने आधी दोन मिनिटं नुसतं ऐकून घेतलं, मग बोलल्या. गोळी आपली आपण घ्यायची नाही, गुडघे दुखले तर आधी ताप मोजून त्यांना फोन. मुक्काम भावाकडे, बुधवारपासूनच. कार-टीचं कार्ड देणार आहेत, बाबांच्या खिशात ठेवायचं, दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर आधी ते दाखवायचं. परीक्षा उद्या आम्हा दोघांना शिकवणार. तुरटीताई, खुर्चीचं भावाला सांगितलंय, तो तयार आहे.

वाक्य बाबांनी स्वतः निवडलं: 'माझ्या गाडीची किल्ली मला परत द्या.' पहिलं आज लिहून घेतलं. शिरोरेषा एकदम पट्टीने मारल्यासारखी.

तुरटी
छान. किल्लीतल्या जोडाक्षरावर डोळा ठेवा.