निर्दोष सुटल्यावरही पोलीस रात्री घरी येऊन राहिले, हे कायद्यात बसते का?

मानकापूरकर
मंडळी, माझ्या मावसभावावर मागे मारामारीची केस होती, कोर्टातून निर्दोष सुटला, आता पार्सल पोचवायचं काम करतो. पण मारबतीची मिरवणूक, गणपती, इलेक्शन काही आलं की रात्री दीड-दोनला पोलीस दार वाजवतात, सरळ आत येऊन खोल्यांत टॉर्च मारतात, याला झोपेतून उठवून फोटो काढतात न चालले जातात. मावशीचं बीपी वाढते. विचारलं तर म्हणे याची शीट, म्हणजे नजर ठेवायची हिस्ट्रीशीट, चालू आहे, वरून ऑर्डर आहे. कोणत्या कायद्यानं करून राहिले हे?

रिटायर्ड_काका
खात्यात होतो म्हणून सांगतो. गुन्हा व्हायच्या आधी रोखणं हे पोलिसांचं कामच आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं (सीआरपीसी) कलम १४९, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १६८. उद्या मिरवणुकीत चाकू निघाला तर हेच लोकं म्हणतील पोलीस झोपले होते का. फोटो काढू द्या, पाच मिनिटांचं काम.

कोर्टातली_ताई
काका, नजर ठेवायला कोण नाही म्हणते? पण १६८ मध्ये रोज रात्री कोणाच्या घरात शिरा असं कुठंय? खरकसिंगची केस बघा, १९६२ ची, सुप्रीम कोर्ट. त्याला दरोड्याच्या केसमध्ये पुराव्याअभावी सोडलं होतं तरी यूपीचे पोलीस रात्री-बेरात्री दार ठोठावायचे, अगदी तुमच्यासारखंच भाऊ. कोर्टानं रात्रीच्या घरभेटीचा तो नियम रद्द केला, कारण त्यामागे कायदा नव्हता, नुसत्या खात्याच्या सूचना होत्या. मग १९७५ मध्ये गोविंदची केस आली मध्य प्रदेशची, तिथले नियम पोलीस ॲक्टखाली केलेले म्हणून टिकले, पण कोर्टानं बजावलं की घरभेटी समाजाला उघड धोका असेल तिथंच, कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. आणि २०१७ ला नऊ जजेसनी प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवल्यावर तर "वरून ऑर्डर आहे" एवढ्यानं भागतच नाही. खरंच धोका वाटत असेल तर बीएनएसएसच्या १२९ ची, म्हणजे जुन्या ११० ची चॅप्टर केस करा, म्हणजे चांगल्या वागणुकीची हमी मागायची केस, नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका, बाँड घ्या. पण त्यात कागद रंगवावे लागतात न, टॉर्च मारणं सोपं 😄

रिटायर्ड_काका
कागदाचं पटलं ताई. पण शीट बंद करायला वरच्या साहेबांची सही लागते, ठाण्यात भांडून उपयोग नाही.

मानकापूरकर
मग अर्ज कोणाकडे करू? वकिलाचा खर्च झेपणार नाही सध्या.

कोर्टातली_ताई
झोनच्या डीसीपींकडे साधा अर्ज, मराठीत चालतो. सोबत निकालाची सर्टिफाइड कॉपी लावा, कोणत्या रात्री किती वाजता आले ते लिहा, पोचवर आवक नंबर घ्या. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अशा शीटची वरच्या अधिकाऱ्यानं अधूनमधून तपासणी करावी, त्याचाही उल्लेख करा. नाहीच ऐकलं तर नागपुरात सिव्हिल लाइन्सला हायकोर्ट आहेच, आणि उत्पन्न कमी असेल तर विधी सेवावाले वकील फुकट देतात. दारात वाद मात्र घालू नका, सरकारी कामात अडथळ्याची नवी केस लावतील.

मानकापूरकर
सोमवारीच कॉपीला टाकतो. निकालाचा कागद मावशीनं कुठं ठेवला ते आधी शोधावं लागन, केस नंबर त्यावरच आहे.