मदत हवी आहे: विनोदी संगीतिकेसाठी ध्वनिमुद्रित साथ घ्यावी की प्रत्यक्ष वादक?

नमस्कार. आमच्या युवा नाट्यवर्गात १२ ते १७ वयोगटातील मुले-मुली आहेत आणि यंदा त्यांनी एक दोन अंकी विनोदी संगीतिका बसवायला घेतली आहे. संहिता वर्गातच लिहिली गेली. चुकीच्या पत्त्यावर गेलेले एक पत्र आणि ते उघडले जाण्याआधी परत मिळवण्यासाठी चाललेली सर्वांची धडपड, एवढेच कथानक आहे. गाणी नऊ असून बहुतेक गाण्यांमधूनच कथानक पुढे सरकते, त्यामुळे एखादे गाणे गाळून प्रश्न सुटेल असे नाही. संगीताची बाजू माझ्याकडे आहे. साथ ध्वनिमुद्रित ठेवावी की पेटी, तबला आणि कीबोर्ड असे प्रत्यक्ष वादक बसवावेत, याचा निर्णय आता घ्यावा लागणार आहे. ज्यांनी या वयाच्या मुलांकडून विनोदी संगीतिका करून घेतली आहे, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

ध्वनिमुद्रित साथीचे फायदे उघड आहेत. मुले घरी त्याच साथीवर सराव करू शकतात, लय दर वेळी तीच राहते आणि वादकांच्या वेळा जुळवाव्या लागत नाहीत. नाटक गंभीर असते तर मी एवढा विचारही केला नसता. अडचण प्रेक्षकांच्या हशाची आहे. तालमीत कोणीच हसत नाही, कारण सगळ्यांना विनोद पाठ झालेले असतात. प्रयोगात मात्र हशा कुठे येईल आणि किती वेळ टिकेल, हे कोणालाही आधी सांगता येत नाही. मुलांना आम्ही शिकवले आहे की हशा वर चढत असताना बोलायचे नाही, भूमिकेतच स्थिर राहायचे आणि तो ओसरू लागला, पण पूर्ण थांबलेला नाही, अशा क्षणी पुढचे वाक्य उचलायचे. संवादांत हे त्यांना उत्तम जमू लागले आहे. गाण्यात मात्र ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही. पहिल्या कडव्याच्या शेवटी जोराचा हशा आला तर दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ त्यात बुडणार, आणि नेमक्या त्या ओळीवरच पुढचा विनोद उभा आहे.

प्रत्यक्ष वादक असतील तर ते ठरलेला चार किंवा आठ मात्रांचा तुकडा वाजवत राहू शकतात आणि गाणाऱ्याने श्वास घेतलेला दिसताच समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पुढे जाऊ शकतात. आपल्या संगीत नाटकांत ऑर्गन आणि तबल्याची साथ अशीच गाणाऱ्या नटाच्या अंगाने चालत आली आहे, आणि विनोदी गाण्याला ती लवचीकता फार मोलाची असते असे मला वाटते. मधला मार्ग म्हणून ध्वनिमुद्रणाचे तुकडे करून हशाच्या जागी आवर्तन फिरते ठेवायचे आणि खूण मिळताच ते आवर्तन पूर्ण करून पुढे जायचे, असाही विचार केला. क्यूलॅब या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे, परंतु ते फक्त मॅकवर चालते आणि आमच्याकडे विंडोजचे संगणक आहेत. विंडोजवर हे काम विश्वासाने करणारे सॉफ्टवेअर कोणी प्रत्यक्ष प्रयोगात वापरले असल्यास कृपया नाव सांगावे. ते चालवण्यासाठी वर्गातल्याच एखाद्या १६-१७ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला बसवले तर चालेल का, हेही कळवावे. विनोदाची जाण असलेली एक मुलगी आमच्याकडे आहे, आणि या कामाला तांत्रिक कौशल्यापेक्षा ती जाणच अधिक लागेल असा माझा अंदाज आहे.

दुसरा प्रश्न याच निर्णयाशी जोडलेला आहे आणि मला तो अधिक काळजीचा वाटतो. मुख्य भूमिका करणारा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि त्याचा आवाज आत्ताच फुटू लागला आहे. या वयात स्वरयंत्र वेगाने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलांचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली जातो. मुलींचाही थोडा उतरतो, पण तो बदल सहसा लक्षात येत नाही. हा बदल एका रात्रीत होत नाही. काही महिने आवाज कधी वर, कधी खाली असा राहतो आणि मधले काही स्वर लागतच नाहीत. त्याची गाणी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथी काळी पट्टी षड्ज (सा) धरून, बांधली होती. आता वरचे स्वर त्याला ताणून काढावे लागतात, आणि ते मी त्याला करू देणार नाही. त्याहून खालच्या काळी एकमध्ये खालचे स्वर अजून भरलेले नाहीत. शिवाय प्रयोगाच्या दिवशी त्याचा आवाज नेमका कुठे असेल हे आज सांगता येत नाही. पेटीवाल्याला आयत्या वेळी पट्टी बदलायला सांगता येते. ध्वनिमुद्रण संगणकावर एक-दोन स्वर खाली आणता येते, पण त्यापुढे वाद्यांचा नाद कृत्रिम वाटू लागतो.

भूमिका बदलण्याची सूचना मला करण्यात आली आहे, ती मी स्वीकारलेली नाही. विनोदाची अशी वेळ साधणारा दुसरा कोणी आमच्या वर्गात नाही, आणि निसर्गाने होणाऱ्या बदलामुळे एखाद्या मुलाची भूमिका काढून घेणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी त्याच्या काही ओळी लयीत बोलण्याच्या अंगाने घ्याव्यात आणि उंच जाणारी ओळ समूहाकडे द्यावी, असे योजले आहे. एका युगुलगीतात मुलीची पट्टी काळी चारच ठेवून तिचा मध्यम (म) हा त्याचा षड्ज मानायचा, म्हणजे तो आपोआप काळी एकमध्ये गाईल, असेही करून पाहत आहोत. अशा वेळी आणखी काय करता येते, आणि रोज किती वेळ गाण्याचा सराव सुरक्षित मानावा, याबद्दल आवाजाचे शास्त्र जाणणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

तिसरी गोष्ट समूहाच्या लयीची. रंगमंचावर मागे उभी असलेली मुले द्रुत गाण्यात हटकून मागे पडतात. सुरुवातीला हे सरावाच्या अभावामुळे होते असे वाटत होते, पण कारण बहुधा जागेत आहे. स्पीकरची तोंडे प्रेक्षकांकडे आहेत, त्यामुळे मागच्या मुलांना सभागृहाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज अधिक ऐकू येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सभागृह २० मीटर लांब धरले तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे सुमारे ०.१२ सेकंदाचा उशीर. मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.४ सेकंदाची असते, म्हणजे मुले पाव मात्रेपेक्षा जास्त मागे राहणार यात त्यांचा काही दोष नाही. दोन्ही विंगांत मुलांकडे तोंड करून लहान स्पीकर ठेवावेत असे मनात आहे. मात्र आमच्याकडे डोक्याला लावायचे माइक थोडेच आहेत आणि बाकी आवाज रंगमंचाच्या पुढच्या कडेवरील माइकांवर घ्यावा लागेल. तेव्हा विंगेतल्या स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू लागण्याची भीती आहे. स्पीकरची उंची, कोन आणि आवाजाची पातळी यांबाबत कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर तो उपयोगी पडेल.

भरभर म्हणायच्या एका गाण्याबद्दलही थोडे विचारायचे आहे. त्यात पत्राच्या पाकिटावरील पत्ता दहा जण दहा प्रकारे वाचतात. जोडाक्षरे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक विनोद यमकाच्या शेवटच्या शब्दात आहे. दमलेली मुले नेमका तोच शब्द गिळतात. आम्ही सूर बाजूला ठेवून फक्त शब्द मेट्रोनोमवर म्हणून घेतो, लय हळूहळू वाढवतो आणि श्वासाच्या जागा संहितेत खुणा करून ठरवल्या आहेत. यमकाच्या शब्दावर साथ पूर्ण थांबवावी की फक्त तबला चालू ठेवावा, याबद्दल आमच्यात दोन मते आहेत. मला पूर्ण शांतता हवी आहे, तर नृत्य बसवणाऱ्या सहकाऱ्यांना पावलांसाठी ठेका आवश्यक वाटतो.

साथ ध्वनिमुद्रित करायची झाल्यास सर्व गाण्यांच्या पट्ट्या आणि लयी येत्या आठवड्यात कळवाव्या लागतील. त्यामुळे सर्व प्रश्नांची उत्तरे देणे शक्य नसले तरी हशासाठी साथ थांबवण्याचा आणि फुटणाऱ्या आवाजाचा, या दोन मुद्द्यांवर जाणकारांनी आधी लिहावे, ही विनंती. वादकांपैकी कोणी अशा प्रयोगाला साथ केली असेल, तर गाणाऱ्याने पुढे जाण्याची खूण कशी ठरवली होती, हेही जरूर सांगावे.